जाताना चढ, येताना उतार

ता. ९ जानेवारी

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि.

मी बरा आहे, तुम्हीही सगळे बरे असाल असं धरून चालतो. एरवी मी आठवडाभर थोडं थोडं लिहून गुरुवारी पाकीट चिकटवतो. आज विमान धावपट्टीवर उभं आहे, कप्तान समोर चहा पितोय आणि मी त्याच्याच टेबलावर बसून खरडतोय. हे त्याच्याच टपालपिशवीत टाकतो, दुपारपर्यंत तुझ्या हातात पडेल. अक्षराला नावं ठेवू नकोस.

बातमी चांगली नाही. कंपनीने आमच्या तिकीटखिडकीच्या काचेवर आज कागद चिकटवलाय. मार्च संपला की तुझ्या विमानतळावरून माझ्या विमानतळावर येणारी गुरुवारची फेरी बंद. प्रवासीच मिळत नाहीत म्हणे. खोटं तरी कसं म्हणू? नऊ खुर्च्यांच्या विमानातून मागच्या वेळी दोन माणसं उतरली आणि बाकी सगळी कोंबडीच्या पिलांची खोकी. तुमच्याकडेही तो कागद येईलच, पण तू रेडिओच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसलेली असतेस, तुला खिडकीकडे बघायला सवड कुठली. म्हणून आधी मीच कळवतो.

मी एवढा घायकुतीला का आलोय ते तुझ्या लक्षात आलंच असेल. आई सध्या तुझ्याकडे आहे. नेहमीप्रमाणे मार्चअखेर ती माझ्याकडे येणार, सहा महिने राहणार आणि परत तुझ्याकडे जाणार. पण आता परत जाणार कशाने? नकाशावर पट्टी ठेवली तर आपल्या दोन घरांत दोनशे सत्तर किलोमीटर. मधे दलदल, दलदलीपुढे डोंगर, रस्ता नावालाही नाही. ही फेरी गेली की उरतो तो राजधानीवरून जाणारा वळसा. तीन विमानं बदलायची आणि वाटेत दोन मुक्काम. आपण धडधाकट आहोत, आपण करू. आईला ते झेपेल का? डॉक्टरांना विचार. आणि हे बघ, तुझ्या पद्धतीने त्यांच्याशी वाद घालू नकोस, नुसतं विचार.

भावोजींना नमस्कार, पोरींना पापा. आईला एवढ्यात काही बोलू नकोस. माया आहे तेवढी राहू दे, मी अजून तेवढ्यावर भागवतो.

तुझा धाकटा,
दुर्बीण
(तू ठेवलेलं हे नाव आता ऑफिसातही पडलंय. हवामान बघणाऱ्या माणसाला याहून चांगलं नाव सापडत नाही म्हणतात.)


ता. १६ जानेवारी

चि. दुर्बीण यास,

अ. उ. आ.

आईला बोलू नकोस म्हणालास, पण पाकीट तिनेच फोडलं. तुझ्या हातचं पाकीट आलं की ती ते दुसऱ्या कुणाला फोडू देत नाही, मग वर नाव कुणाचंही असो. वाचून झाल्यावर तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाली की चला, झबली शिवायचं कामही गेलं. धावपट्टीच्या कडेला वारा बघायला खांबावर जी केशरी पिशवी फडफडते, तिला ती झबलं म्हणते हे तुला ठाऊक आहे. तुझ्याकडचं आणि माझ्याकडचं, दोन्ही झबली तिच्याच मशिनवर शिवलेली. एवढं बोलून ती भाजी निवडायला बसली.

डॉक्टरांना विचारलं. वाद घातला नाही. थोडासाच घातला. ते म्हणतात, आईची फुप्फुसं आता इतकी नाजूक झालीत की मोठ्या विमानाने उंच जाणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि तेही तीन तीनदा वर जायचं आणि खाली यायचं. आपलं छोटं विमान खालूनच जातं, म्हणून आजवर निभावलं. वळशाच्या प्रवासाला त्यांनी साफ नाही म्हटलंय, आणि हे वर्षा-दोन वर्षांनी सुधारेल असंही काही नाही.

म्हणजे साध्या भाषेत असं, की मार्चच्या शेवटच्या गुरुवारी विमान निघून गेल्यावर आई ज्या बाजूला असेल, त्याच बाजूला ती कायमची राहणार. दुसऱ्याने वर्षातून एकदा रजा काढून तिला भेटून जायचं. हे वाक्य मी चारदा लिहून खोडलं, पण दुसरं काही लिहिता येईना.

तू काही बोलायच्या आत मी बोलून घेते. इथे दवाखाना घरासमोर आहे. तुझ्याकडे आठवड्यातून एकदा नर्स येते. इथे हे आहेत, पोरी आहेत, ती हाक मारील तेव्हा कुणीतरी ओ देतं. तू ड्यूटीवर गेलास की तिथे कोण? मी काही चुकीचं बोलतेय का? असेन तर सांग.

जरा हसण्यासारखंही सांगते. आई पोरींना नेहमी सांगते ना, मामाचं घर जाताना लांब आणि येताना जवळ, कारण जाताना चढ आहे आणि येताना उतार. जाताना वारा समोरून असतो म्हणून सव्वा तास लागतो, येताना तोच वारा पाठीशी, म्हणून पन्नास मिनिटांत येतो, हे मी तिला शंभरदा समजावलं. तिचं म्हणणं, मग मी वेगळं काय म्हणाले? थोरलीने हे शाळेत भूगोलाच्या बाईंना सांगितलं. अंतर जाता-येता सारखंच असतं असं बाई म्हणाल्या, तर ही म्हणते, आमच्याकडे नसतं. सगळ्या वर्गासमोर बोलणी खाल्ली. घरी आल्यावर आजीने शाबासकी दिली.

तुझ्या उत्तराची वाट बघतेय. राग आला तर लिहून मोकळा हो, मनात ठेवू नकोस.

तुझी,
ताई


ता. २० जानेवारी

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि.

राग कसला यायचा. तुझं सगळं बरोबर आहे. दवाखाना तुझ्याकडे, माणसं तुझ्याकडे. आई तुझ्याकडेच राहू दे. मी ऑक्टोबरात रजा काढून वळशाने येत जाईन. मोठा माणूस आहे मी, एकटं राहायची सवय आहे. विषय संपला असं समज.

हे वरचं सोमवारी लिहिलं. आज बुधवार आहे. उद्या पाकीट जाणार, आणि वरचं तसंच पाठवलं तर ते खोटं होईल. ताई, मला आई हवी आहे. तुझी वहिनी गेल्याला तीन वर्षं होतील. आई इथे असते त्या सहा महिन्यांत मी माणसासारखा राहतो. ड्यूटीवरून आलो की दिवा लागलेला असतो. ती गेली की मी उभ्या उभ्या जेवतो, ओट्याशी, भांड्यातूनच. उरलेले सहा महिने मी ती येणार म्हणून काढतो. आता ती येणारच नाही म्हटल्यावर काय करायचं, ते मला कळत नाहीये.

नर्सचं म्हणशील तर मी तिला जाऊन भेटलो. ती आता विमानतळाच्या वसाहतीतच राहायला आलीय, आमच्यापासून तिसऱ्या दारात. आईची औषधं इथे मिळतात. छातीला हवा देणारं यंत्र आमच्या दवाखान्यात आहे, मी स्वतः चालवून बघितलं. ड्यूटीचंही साहेबांशी बोललो. मला सलग पाळी न देता तुकड्या-तुकड्यांत द्यायला तयार आहेत, म्हणजे मधे घरी डोकावता येईल.

हे सगळं मी वाद घालायला लिहीत नाही. तुझं पारडं जड आहे हे मलाही दिसतंय. पण आईला विचार, एवढंच म्हणणं. तिला विचारताना तुझं तोंड पाडू नकोस आणि माझी कणवही सांगू नकोस. ती जे म्हणेल ते मी हूं की चूं न करता मान्य करीन.

भावोजींना सांग, त्यांनी करून दिलेलं स्टूल अजून डुगडुगत नाही. पोरींना पापा.

तुझाच,
दुर्बीण


ता. ६ फेब्रुवारी

चि. दुर्बीण यास,

अ. उ. आ.

मागच्या गुरुवारी पत्र टाकलं नाही, म्हणून तू पिशवी उलटी करून झटकली असशील. आठवडाभर आमच्या घरात कुणी कुणाशी नीट बोलत नव्हतं.

मी आईला विचारलं. तोंड पाडलं नाही, तुझी कणवही सांगितली नाही. गरजच नव्हती, पाकीट तिनेच फोडलं होतं. ती म्हणाली, विचार करायला वेळ दे. चार दिवस मशिनवर बसून होती. पाचव्या दिवशी सकाळी मी ड्यूटीवर निघाले तर चपला घालताना मला म्हणाली, की मी धाकट्याकडे जाते.

मला वाईट वाटलं. खूपच वाटलं, आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. मी तिला विचारलं, माझं काय चुकलं. ती म्हणाली, तुझं काही चुकलं नाही म्हणून तर जाते. तुझ्या घरात मी नसले तर एक माणूस कमी होईल, त्याच्या घरात मी नसले तर माणूसच उरणार नाही. मी ऑफिसला गेले. त्या दिवशी कप्तानाला वाऱ्याची दिशा दोनदा चुकीची सांगितली आणि दोन्ही वेळा त्यानेच दुरुस्त केली. संध्याकाळी हे म्हणाले, तू भावावर रुसलीस का? मी म्हटलं, रुसायला काय झालंय मला. आणि मग बसून रडले.

आता रडून झालंय. नीट ऐक. सकाळची गोळी काही खाल्ल्यावरच. ती खाल्ली म्हणते, पण खात नाही, समोर उभा राहा. थंडीत खिडकी उघडते, बंद कर म्हटलं की भांडते, तरी बंद कर. पायऱ्या चढू देऊ नकोस. तिला दम लागला की ती काहीतरी शोधतेय असं दाखवून थांबते, ते ओळखायला शीक. आणि तिला एकटीला कंटाळा आला की ती बोलत नाही, जुने कपडे उसवायला काढते. उसवलेले कपडे दिसले की तिला घेऊन बाहेर जा.

शेवटच्या गुरुवारचं तिकीट काढलंय. तोवर ती माझी. तेवढे दिवस माझ्याकडे तिचा जास्त वाटा मागू नकोस. आईला खाली दोन ओळी लिहायच्यात, जागा सोड म्हणतेय.

तुझी,
ताई

चि. बाळ, आशीर्वाद. ताईने माझी एवढी मोठी यादी का दिली कळत नाही, मी काही तान्ही नाही. गोळी मी खाते. मशीन घेऊन येणार आहे, तू नको म्हणशील म्हणून आधीच सांगते. तुझ्याकडचं झबलं फाटलं असेल, ते आधी करू. विमानतळ चालू असो नसो, वारा तर येणारच. ओट्याशी उभं राहून जेवू नकोस, पोटाला लागत नाही. आई.


ता. १३ मार्च

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला काय उत्तर द्यावं हे मला महिनाभर सुचलेलं नाही. चार ओळी खुशालीच्या लिहीत राहिलो. तू मला जे दिलंस ते मला कळतंय, एवढंच लिहितो. याहून जास्त लिहायला गेलो तर तू मला येडा म्हणशील.

मागची खोली आईसाठी रंगवली. सकाळचं ऊन आधी तिथेच येतं. पलंग भिंतीशी न लावता खिडकीपासून हातभर दूर ठेवलाय, म्हणजे खिडकी उघडी की बंद यावर होणारं भांडण थोडं कमी होईल. मशीनसाठी टेबल मिळवलं. ते डुगडुगतं. भावोजी असते तर बरं झालं असतं. मी पायाखाली पुठ्ठा घातलाय आणि त्यांना सांगू नकोस.

इथे आवराआवर सुरू झालीय. तिकीटखिडकी रंगाच्या डब्यांनी भरलीय. सोमवारी इंधनाची टाकीही रिकामी करून सील करणार, कारण फेरीच राहणार नाही तर इंधन कुणासाठी. शेवटच्या खेपेला कप्तान जाण्या-येण्याचं इंधन तुमच्याकडूनच भरून आणील. हवामानाचं ऑफिस मात्र राहणार आहे. रोग्याला न्यायला अडीनडीला एखादं विमान आलं तर खाली कुणीतरी आभाळ बघणारा लागतो. म्हणजे माझी नोकरी शाबूत, काळजी नको.

आई निघाल्याचं तू राजधानीच्या ऑफिसमार्फत कळवशीलच. मी आदल्या दिवशीच दाढी करून ठेवीन. तिला म्हणावं, दिवा मी लावून ठेवतो, यंदा तू फक्त ये.

लोभ जुनाच आहे, नवा काय मागू.

तुझा,
दुर्बीण


ता. २८ मार्च

चि. दुर्बीण यास,

अ. उ. आ.

आई सुखरूप पोचल्याचा निरोप मी कालच तुमच्या ऑफिसला दिला. आता सगळं टपाल वळशाने जाणार, तुझ्या हातात हे कधी पडेल देव जाणे. पण मला आजच लिहायचंय.

सकाळी राजधानीच्या ऑफिसमार्फत तुझा निरोप आला, की आकाश स्वच्छ, पाण्याची टाकी नीट दिसते. मग मी विमानाला जा म्हटलं. पोरी रडल्या, ह्यांनी मशीन उचलून आत ठेवलं. आईला कप्तानाच्या मागचीच खुर्ची दिली होती. मी पायऱ्या चढून वर रेडिओवर येऊन बसले. निघताना नियमाप्रमाणे जे बोलायचं ते बोलले, आवाज साधा ठेवला. थोड्या वेळाने कप्तान म्हणाला की आज वर वारा फिरलाय, पाठीमागून आहे, आज तुमच्या आईंना उतार लागलाय. आमची सगळी खोली हसली. मीही हसले.

तुझ्याकडचं खालचं बोलणं माझ्या यंत्रावर येत नाही, लांब पडतं. मला फक्त विमान ऐकू येतं. त्यामुळे तुझं काहीच ऐकलं नाही. कप्तान म्हणाला, समजलं, एक घिरटी मारतो. मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, समजलं, परत फिरतो. मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. तुझ्याकडे इंधन नाही, त्याच्याकडे परतीपुरतंच, तो थांबणार कसा.

भाऊ, माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगते. आई परत येतेय, हे आलं. आनंद झाला. मग तू दाढी करून उभा असशील, ते आठवलं. मला जे हवं होतं तेच झालं, आणि ते मला असं नको होतं.

आई उतरली. पाणी मागितलं. ट्रंकेवर बसून राहिली. थोरलीने आनंदाने मिठी मारली तर तिला जवळ घेतलं. काल रात्री जेवली, गोळी खाल्ली, समोर उभं न राहता. विमानात काय झालं हे मी दोनदा विचारलं, तिने विषय बदलला. आणखी एक फेरी कराल का म्हणून ह्यांनी कंपनीला विचारलं, ते नाही म्हणाले, आणि आज सकाळी कंपनीचं ते विमान कायमचं निघून गेलं. ती खिडकीत उभी राहून बघत होती.

तुझ्याकडे काय झालं ते मला लिही. एकटा बसून राहू नकोस. नर्सबाईंकडे जाऊन जेव.

तुझी,
ताई


ता. २८ मार्च

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाटेत असेल. त्याची वाट न बघता लिहितो, नाहीतर मी काही लिहिणारच नाही.

आमच्या कामात किती लांबचं दिसतं हे मोजायला इथे यंत्र नाही. ठरलेल्या खुणा आहेत. वसाहतीची शेवटची भिंत, कुंपणाजवळचा खांब आणि त्यापलीकडे पाण्याची टाकी. टाकी दिसली तर विमान उतरू शकतं, नाही दिसली तर नाही. इतकं सोपं आहे. तेरा वर्षं मी गच्चीवर जाऊन ती टाकी बघतोय.

सकाळी ती स्वच्छ होती. विमान निघाल्यावर वारा फिरला आणि तळ्यावरची सगळी वाफ धावपट्टीवर आली. मी गच्चीवर उभा होतो. आधी टाकी गेली, मग खांब गेला. मला वाटलं सव्वा तास आहे हातात, ऊन चढेल, हे विरेल. पण वर वारा पाठीमागून होता. पन्नास मिनिटांतच आवाज आला. इतक्या वर्षांत आई माझ्याकडे इतक्या लवकर कधीच आली नव्हती.

कप्तानाने विचारलं, टाकी दिसते का. माझ्या हातात माइक होता आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ताई, ती टाकी मला पाठ आहे. डोळे मिटले तरी दिसते. मी दिसते म्हटलं असतं तर तो खाली आला असता. कदाचित नीट उतरलाही असता. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, आलं नाही असं म्हणणार नाही. मी सांगितलं, दिसत नाही. त्याने घिरटी घातली. माझ्या डोक्यावरून गेलं विमान, मी ऐकत होतो, आणि त्यात ती होती. त्याने परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. मग आवाज लांब गेला.

वीसेक मिनिटांत धुकं फाटलं आणि टाकी इतकी लख्ख झाली की तिच्यावर बसलेले पक्षीही दिसत होते. मी तसा निरोप पाठवला. नियम आहे, सुधारलं की कळवायचं. पण तोवर विमान बरंच लांब गेलं होतं, आणि पुन्हा इकडे वळायला त्याच्याकडे इंधन नव्हतं. नेहमीसारखा समोरचा वारा असता तर ते त्याच वेळी माझ्यावर आलं असतं आणि उतरलं असतं.

मी बरोबर सांगितलं. साहेब म्हणाले बरोबर सांगितलंस, कप्तानानेही तसं कळवलं. ते मला माहीत आहे. मला एकाच गोष्टीचं वाईट वाटतं. त्या विमानात कप्तानाच्या डोक्यावर भोंगा असतो, मागे बसलेल्याला सगळं ऐकू जातं. आई माझा आवाज ऐकत होती. आणि मी सरकारी बोललो. विमानाचं नाव, टाकी दिसत नाही, संपलं. तिच्यासाठी एक शब्दही बोललो नाही. बोललो असतो तर कुणी मला फासावर दिलं नसतं. तो एक शब्द राहिला, तो आता मला खातोय.

ती काही बोलली का? रागावली असेल तर तेही लिही. रजा ऑक्टोबरात मिळेल, तेव्हा येतो. टेबल आणि रंगाचे डबे अजून आवरलेले नाहीत, आवरीन.

तुझ्या मायेवर जगणारा,
दुर्बीण


ता. १७ एप्रिल

चि. बाळास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र ताईच्या नावाचं होतं. पण पाकिटं मी फोडते हे तुला माहीत असताना तू लिहिलंस, तेव्हा ते मलाच होतं असं मी धरलं. ताईला नंतर दिलं. ती वाचून रडली, आता बरी आहे. माझी तब्येत ठीक. दम नेहमीइतकाच.

मी इतके दिवस बोलले नाही, कारण आधी मला राग आला होता. तुझ्यावर नाही. कुणावर ते कळत नव्हतं, म्हणून बोलत नव्हते. मला तुझ्याकडे यायचं होतं रे. ताईकडे सगळं आहे, ती माझं इतकं करते, तरी मला तुझ्याकडे यायचं होतं. ट्रंक अजून तशीच आहे, उघडावीशी वाटत नाही. आज उद्या उघडीन. तू ती खोली कुलूप लावून ठेवू नकोस. तिथे झोपत जा, ऊन येतं म्हणालास ना. आणि टेबलाखालचा पुठ्ठा काढ, जावईबापूंना सांगून त्याला नीट पाय पाठवते.

आता त्या दिवसाचं. तू खाली होतास, वर कसं होतं ते तुला माहीत नाही. वर लख्ख ऊन होतं. खाली सगळं पांढरं. कप्तान म्हणाला, आजी, आलो आपण. मी केस नीट केले. मग त्याच्या डोक्यावरचा भोंगा बोलायला लागला आणि मी तुझा आवाज ओळखला. सहा महिन्यांनी ऐकला. सर्दी झाली होती का तुला?

तू म्हणतोस, माझ्यासाठी एक शब्द बोलला नाहीस. पोरींनी मला सगळं शिकवलंय, आधी विमानाचं नाव घ्यायचं, मग निरोप सांगायचा. पहिल्या वेळी तू तसंच केलंस. विमानाचं नाव घेतलंस आणि सांगितलंस. मग आम्ही गोल फिरलो. कप्तानाने परत विचारलं. तेव्हा तू विमानाचं नाव घेतलं नाहीस. तू म्हणालास, "आई, टाकी दिसत नाही."

तुला आठवत नाही, पण तू म्हणालास. कप्तान भोंग्याकडे बघत राहिला, मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. हे त्याने कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही, त्याने तसा मला शब्द दिलाय. ताईला मी आजच सांगितलं.

मी लगेच उत्तर दिलं होतं. पण बोलायचं बटण कप्तानाच्या हातात असतं आणि ते त्याने दाबलं नव्हतं, त्यामुळे ते तुझ्यापर्यंत आलं नाही. तू तिथे वाट बघत उभा असशील हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. उशीर झाला. मी म्हणाले होते, "बरं, बाळा."

तुझी,
आई